उरलेल्या दोन टर्म

ही गेल्यानंतर बरेच दिवस मला दुपारच्या झोपेत आमच्या ड्राइव्हवेत गाडी वळल्याचा आवाज यायचा. खडीवर टायर कसा वाजतो हे मला कुणी शिकवायला नको. जन्म टायरच्या दुकानात गेला, आधी मिरजेत हॉस्पिटलसमोर, मग इथं परदेशात, लोअर हटला. हिच्या गाडीच्या मागच्या डाव्या टायरात हवा नेहमी कमी असायची, त्यामुळं आवाज ओळखू यायचा. मग दार. मग पायातले बूट काढल्याचा आवाज. मग किटली. पहाटेची ड्यूटी करून आली की ही आधी चहा करायची आणि मग बोलायची. मी डोळे न उघडता तसाच पडून राहायचो. उघडले की संपलं. घर रिकामं, आणि खिडकीबाहेर हटच्या खोऱ्यात धुकं बसलेलं, समोरचा डोंगरसुद्धा नाही.

लोक म्हणायचे, काका, हळूहळू सवय होईल. टायरात खिळा घुसला तर टायराला सवय होत नाही. हवा जात राहते. पण असं कुणाला सांगायचं, ते आपलं डबे घेऊन येणारे लोक. डबा ठेवून घ्यायचो.

ही नर्स. तिच्या नर्सिंगवर आम्ही या देशात आलो, माझ्या सातवी पासवर नाही. पोरगी तेव्हा दुसरीत होती. एकच पोरगी. इथंच शिकली, मास्तरीण झाली, आणि शिकताना इथली बहुतेक पोरं घेतात तसं सरकारी कर्ज घेतलं. मला कर्ज हा शब्द पहिल्यापासून नको. मी चिडलो तर ही म्हणाली, "अहो, इथं असंच असतं. आणि त्यातून सुटायची एक वाट पण आहे." वाट अशी, की जिथं मास्तर जायला तयार नसतात अशा शाळेत सलग तीन वर्षं शिकवायचं, मग अर्ज करायचा, की कर्जातला मोठा वाटा सरकार भरतं. सलग म्हणजे सलग. मधेच सोडलं तर काही नाही.

पोरगी गेली. गिझबर्नच्याही पुढं, पूर्वेच्या किनाऱ्यावर, माओरी लोकांचं गाव. एक शाळा, किराणा-दुधाची एक डेअरी, आणि पुढं नुसता समुद्र. हिला फार अभिमान. हॉस्पिटलात येईल त्याला सांगायची, माझी मुलगी रस्ता संपतो तिथं शिकवते म्हणून. दोन वर्षं झाली, तिसरं अर्ध्यावर आलं, चारातल्या दोन टर्म उरल्या, आणि इकडं ही गेली.

दहाव्याला आम्ही पेटोनेच्या किनाऱ्यावर गेलो. गुरुजी म्हणजे पुण्याचा एक पोरगा. आठवडाभर कॉम्प्युटरचं काम करतो आणि शनिवार-रविवार पूजा सांगतो. सोवळ्यावर त्यानं फुगीर जाकीट घातलं होतं, कारण दक्षिणेचा वारा असा होता की कान तुटून पडावेत. दगडावर पत्रावळीऐवजी केळीचं पान, सँडरिंगहॅमच्या इंडियन दुकानांतून कुणीतरी आणून आमच्याकडं पाठवलेलं, आणि त्यावर पिंड.

मी म्हटलं, "गुरुजी, इथं कावळा कुठला?"

"काका, कुठलाही पक्षी चालतो. भावना महत्त्वाची."

"आणि नाहीच आला तर?"

"तर दर्भाचा कावळा करून शिववू. सगळं आणलंय मी."

पेटोनेचे सीगल म्हणजे कशी जात? हातातला मासा आणि चिप्स हातातून नेणारी. पण त्या दिवशी सगळे लांब वाळूवर वाऱ्याकडं तोंड करून बसून राहिले. एक हलेना. आपल्यात असं झालं की म्हणतात, माणसाचं काहीतरी मागं अडकलंय, त्याला शब्द द्या. मग सगळे शब्द द्यायला लागले. हिच्याबरोबर काम करणारी मैत्रीण, सोलापूरची नर्स, म्हणाली, "बाई, तुझ्या घराकडं मी बघीन." पक्षी हलले नाहीत. मी म्हटलं, "प्रेशरच्या गोळ्या वेळेवर घेईन." नाही. "तुझ्या साड्या कुणाला देणार नाही." नाही. वारा पानाखाली शिरून पान वाजवत होता. गुरुजीनं पिशवीतून दर्भ बाहेर काढला.

तेवढ्यात पोरगी पुढं झाली. आमच्या पोरीचं मराठी निम्मं इंग्रजी असतं, पण हे तिनं चक्क मराठीत म्हटलं. "आई, मी बाबांजवळ राहीन. त्यांना एकटं सोडणार नाही."

एक सीगल उठला. उडाला नाही, चालत आला. एखादं म्हातारं माणूस लग्नात जेवायला येतं तसा सावकाश, इकडं तिकडं बघत. आणि पिंडाला चोच लावली.

"शिवला," गुरुजी म्हणाला, आणि सगळ्यांनी श्वास सोडला. मीही सोडला. त्या वेळी मला एवढंच वाटलं, की सुटली बिचारी.

तेरावा झाला. लगेच शाळांना सुट्टी लागली, त्यामुळं पोरगी घरीच होती. एक दिवस सकाळी माझ्यासमोर टोस्ट ठेवला आणि म्हणाली, "बाबा, मी रिझाइन करतेय. इकडंच हटमध्ये जॉब बघते."

"का?"

"तुम्हाला माहितीये का."

"मला स्वयंपाक येतो."

"टोस्ट म्हणजे स्वयंपाक नाही, बाबा. टोस्ट मीच केलाय."

"आणि तो अर्ज? तीन वर्षांचं काय?"

"इट्स जस्ट मनी."

"असं ज्याच्याकडं आहे तो म्हणतो. दोन टर्म राहिल्यात. तुझी आई असती तर कानाखाली दिली असती."

"आईलाच शब्द दिलाय मी! आणि तो पक्षी आला. तुम्ही पाहिलंत."

"सीगल होता तो. पार्किंगमधल्या चिप्सच्या कागदासाठी मारामारी करणारा."

"मग मी शब्द देईपर्यंत का नाही आला?"

मी टोस्टला लोणी लावलं. ही पोरगी विज्ञान शिकवते, पृथ्वी सूर्याभोवती कशी फिरते ते संत्रं घेऊन पोरांना दाखवते, पण त्या पक्ष्यापुढं तिचं विज्ञान चालेना. मला राग आला आणि बरंही वाटलं. पोरीत हिचं काहीतरी उतरलंय असं वाटलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "मग तुम्ही चला माझ्याकडं. वर्षाअखेरपर्यंत. मोठं क्वार्टर आहे, दोन खोल्या आहेत. म्हणजे मी तुमच्याजवळच, आणि शाळा पण होईल."

"मी हे घर सोडून कुठं येणार नाही."

"का पण?"

"नाही म्हणजे नाही."

कारण सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सांगतो. दुपारी ही गाडी घेऊन येते, दार उघडते, किटली लावते. दार बंद दिसलं, आत कुणी नाही, तर ही कुठं जाईल? पहाटेपासून उभं राहून पाय सुजलेले असतात तिचे. हे खरं नाही एवढं मला कळतं. सातवी शिकलोय, खुळा नाही. पण दुपारी अडीच वाजता ते खरं असायचं.

म्हणजे गाठ अशी पडली होती. पोरगी शब्दानं बांधलेली, मी घराला बांधलेलो, आणि मधल्या मधे तिचं अडीच वर्षांचं शिकवणं पाण्यात चाललेलं. मी गुरुजीला फोन लावला.

"गुरुजी, दिलेला शब्द परत घेता येतो का?"

"काका, पिंडाला शिवल्यावर... शास्त्रात तशी सोय नाहीये."

"शास्त्रात सीगल आहे का?"

"नाही."

"मग?"

"काका, मी आत्ता मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी बोलू या का?"

संध्याकाळी त्यानं खरंच फोन केला, बिचाऱ्यानं. पण एवढंच, की काका, काळजी घ्या, म्हणाला. हे सगळेच म्हणत होते.

शेवटी ठरलं असं, की टर्म उघडायच्या वेळी पोरीनं जायचं, शाळेच्या मोठ्या बाईंना समोर बसून सांगायचं, आणि सामान बांधून परत यायचं. सामान उचलायला आणि गाडी चालवायला मी. दोन-चार दिवसांचं काम. निघताना मी किल्ली हिच्या मैत्रिणीकडं दिली आणि म्हटलं, दुपारचं एकदा येऊन बसत जा. तिनं का म्हणून विचारलं नाही. नर्सांना पुष्कळ गोष्टी विचाराव्या लागत नाहीत.

वाटेत नेपियरला मुक्काम केला. पुढचा रस्ता मला नीट आठवत नाही, आठवतो तो स्वप्नासारखा. डोंगर, मेंढ्या, डोंगर, मधेच उजव्या हाताला समुद्र उघडायचा आणि परत झाकायचा. पोरगी बोलत होती की झोपली होती कळत नव्हतं. एकदा मला वाटलं मागच्या सीटवर ही बसलीय, आणि आरशात बघितलं तर हिचा फोटो होता. पोरीनं फ्रेम शालीत गुंडाळून सीटला पट्टा लावून बसवली होती.

"फोटो कशाला आणलास? परत तर यायचंय."

"मोठ्या बाईंनी सांगितलंय. बाबांना घेऊन येतेस तर आईला पण घेऊन ये."

मी म्हटलं, काहीतरी इंग्रजी बोलण्याची पद्धत असेल.

सकाळी शाळेच्या फाटकाशी आम्हाला थांबवलं. पाहुण्याला आत घ्यायची त्यांची एक रीत आहे, पोफिरी म्हणतात. आपण बाहेर उभं राहायचं. आतून एक बाई लांब आवाजात हाक मारते. हाक म्हणजे गाणंही नाही आणि रडणंही नाही. अंगावर काटा येतो. मग हळूहळू चालायचं, बायका पुढं. पोरगी पुढं, छातीशी हिचा फोटो धरून, आणि मागं मी. अर्ध्या वाटेत सगळे थांबले, माना खाली. मला काही कळेना म्हणून मीही मान खाली घातली. गवतावर दव होतं. माझे बूट ओले झालेले दिसत होते.

आत खुर्च्या मांडल्या होत्या. समोर शाळेची सगळी पोरं, मास्तर, गावातली माणसं. मोठ्या बाई माझ्याच वयाच्या जवळपास, अंगानं भक्कम. त्यांनी पोरीच्या हातातला फोटो घेतला आणि माझ्या मांडीवर ठेवला. आपल्यात गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर जातो, हार घालून, उंच. मांडीवर कुणी घेत नाही. मी दोन्ही हातांनी तो धरून बसलो, बसमध्ये लहान मूल धरावं तसा.

एक म्हातारबुवा काठी घेऊन उभे राहिले आणि माओरीत बोलायला लागले. माझ्याकडं बघतच नव्हते. माझ्या मांडीकडं बघून बोलत होते.

"काय म्हणतायत?" मी हळूच विचारलं.

पोरगी म्हणाली, "आईशी बोलतायत. म्हणतात, तू आलीस, बरं झालं. आमची गेलेली माणसं पण इथंच आहेत, त्यांच्यात बस."

इतक्या दिवसांत लोक माझ्याशी बोलले होते, पोरीशी बोलले होते. दहाव्याचे ते शब्द सोडले तर हिच्याशी कुणी बोललं नव्हतं. जणू ही नव्हतीच कधी. आणि हा परका माणूस उन्हात काठी टेकून तिला पाऊसपाण्याचं विचारावं तसं बोलत होता.

त्यांचं बोलणं झालं की त्यांची माणसं उठून गाणं म्हणाली. मग सगळे आमच्याकडं बघायला लागले.

पोरगी कुजबुजली, "बाबा, आता आपण. दोन शब्द आणि एक गाणं."

"मला कुठलं गाणं येतंय?"

"काहीही. हरी अप, बाबा!"

दोन शब्द मी मराठीतच बोललो. म्हटलं, आम्ही मिरजेचे, ही माझी बायको, तुम्ही हिला बोलावलंत, उपकार झाले. पण गाणं? आरती म्हणावी तर वर्ष दुखवट्याचं, तोंडावर येईना. सिनेमातलं म्हणावं तर मांडीवर ही. डोक्यात सगळं धुकं. मग शाळा समोर दिसत होती म्हणून असेल, तोंडातून निघालं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा," आमच्या शाळेतल्या गुरुजींच्या चालीत, डुलत डुलत. पोरगी आधी हादरली. मग तीही उभी राहिली आणि तिनं "बे चोक आठ" धरलं. तिला पाढे येतात हे मला माहीतच नव्हतं. हिनं शिकवले असणार, माझ्या पाठीमागं. समोरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. बे दाहे वीसवर आम्ही थांबलो, तर पोरगी हसत होती. आई गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडली, आणि मग मीपण.

मग ओळीनं सगळे आले. नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावायचं, अशी तिथली भेट. प्रत्येकजण मला भेटला की खाली वाकून फोटोला हात लावायचा. एका आजीनं फोटोच्या काचेवर गाल टेकवला. एक चिमुरडी फोटोला म्हणाली, "किया ओरा, नॅनी," म्हणजे नमस्कार आजी, आणि पळून गेली. मला सगळे कोरो म्हणायला लागले. कोरो म्हणजे आजोबा.

नंतर चहा, तळलेला पाव, आणि पोरांचा गोंधळ. पोरीला पोरं चिकटली होती. "फाया, यू केम बॅक! फाया, हे बघ, ते बघ." फाया म्हणजे बाई. एकानं तिच्या दोन्ही पायांना मिठी मारून ठेवली होती, ती तशीच चालत होती. मोठ्या बाई माझ्या शेजारी कप घेऊन बसल्या. माझं इंग्रजी टायरपुरतं, पण त्या सावकाश बोलत होत्या.

"ती आज मला काहीतरी सांगणार आहे," त्या म्हणाल्या. "मला कळलंय काय ते. मी तिला अडवणार नाही."

मी मांडीवर बघितलं. ही माझ्या मांडीवर होती. दुपारचा एक वाजला असेल. थोड्या वेळानं हटला तिची गाडी वळायची वेळ. आणि मला वाटलं, इथं माझ्या मांडीवर बसलीय, चहाच्या वासात, पोरांच्या आवाजात, तर तिथं दाराशी कोण उभं राहणार? मेलेलं माणूस घराला बांधलेलं नसतं. आपण नेऊ तिकडं ते येतं. हे त्या लोकांना लहानपणापासून ठाऊक असतं. मला त्या खुर्चीत बसून कळलं.

मी पोरीला हाक मारली. पायाला लटकलेल्या पोरासकट ती आली.

"ते क्वार्टर म्हणालीस. दुसरी खोली कुठल्या दिशेला आहे?"

"समुद्राकडं. का?"

"मला थंडी वाजते. एक जादा पांघरूण लागेल."

"बाबा, आर यू शुअर?"

"शुअर-बिअर मला विचारू नको. तू बाबाजवळ राहणार म्हणालीस ना? मग राहा. बाबा इथं आहे. आणि बाईंना जे सांगायला आली होतीस ते सांगू नको आता."

मोठ्या बाईंना मराठी येत नव्हतं, पण त्यांनी उठून माझ्या बशीत आणखी दोन पाव वाढले.

अशा दोन टर्म गेल्या. मी शाळेच्या बसचे टायर बघून द्यायचो, तिथं गॅरेज लांब होतं. बाकी दिवसभर खिडकीत. दुपारी झोप लागली की आवाज यायचा, पण आता गाडीचा नाही, लाटांचा, आणि त्यात हिची किटली कुठंतरी मिसळलेली. डोळे उघडले तरी ती लगेच जात नसे.

वर्ष संपताना अर्जाचा दिवस आला. इंटरनेट धड चालतं ते बाईंच्या ऑफिसातच. पोरगी बसली, मी दाराशी. एका जागी तिचे हात थांबले. सलग काम केलंय का, मधे खंड पडलाय का, असा प्रश्न होता. आई गेली तेव्हाची ती रजा.

मोठ्या बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "ते टांगी होतं." टांगी म्हणजे त्यांच्यात मयताचं सगळं, दिवस वगैरे. "टांगीला आम्ही खंड म्हणत नाही. तसं मी लिहून देते." आणि त्यांनी लिहिलं आणि सही केली. पोरीनं बटण दाबलं. मी विचारलं, "गेलं?" ती म्हणाली, "गेलं." एवढंच. एवढ्यासाठी किती काय झालं होतं.

मग बाईंनी तिला विचारलं, पुढच्या वर्षी काय. पोरगी माझ्याकडं वळली. मी म्हटलं, "माझ्याकडं बघू नको. मास्तरीण तू आहेस."

"मला अजून एक वर्ष राहायचंय, बाबा."

"विचारतेस की सांगतेस?"

"सांगते."

"मग सांग त्यांना. मला काय सांगतेस."

अर्जाचं उत्तर आलं तेव्हा उन्हाळा होता. आम्ही किनाऱ्यावर होतो, फोटो माझ्या शेजारी चादरीवर. पोरगी पोरांबरोबर पाण्यातून आली, टॉग्जवर, म्हणजे पोहायच्या कपड्यांवर, टॉवेल गुंडाळून, पायांना वाळू, आणि फोन बघून तशीच उभी राहिली. तिच्या केसांतलं पाणी फोनवर पडत होतं.

"बाबा. मंजूर झालं." मग म्हणाली, "आई असती तर..."

"असती काय? ही इथं बसलीय. वाच मोठ्यानं, तिला ऐकू दे."

"सगळं? इट्स सो बोरिंग, बाबा."

"सगळं."

ती चादरीवर गुडघे टेकून बसली आणि फोटोकडं तोंड करून वाचायला लागली. सरकारी इंग्रजी, मला निम्मं कळलं नाही. समुद्राचा आवाज मोठा झाला की ती आवाज चढवायची. पोरं पाण्यातून हाका मारत होती, फाया, फाया, पण ती थांबली नाही. शेवटी खाली काही शंका असल्यास या नंबरवर फोन करा असं होतं, तो नंबरसुद्धा तिनं आईला वाचून दाखवला.